श्वास आणि शब्द

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे ज्या वास्तूने शब्द जपले, तिच्या उत्सवात शरीरशास्त्राचा विषय का निवडावा, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. ग्रंथात निजलेला प्रत्येक शब्द कधीतरी कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडला होता, आणि बाहेर पडताना तो श्वासावर स्वार होऊन आला होता. बीदर जिल्ह्यातील कल्याण नगरीत बाराव्या शतकात जे साहित्य घडले, त्याला 'वचन' म्हणजे 'बोललेले' असेच नाव आहे. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठीत, कन्नडात आणि हिंदीत पदे रचली, ती गाण्यासाठी रचली. लेखणीच्या आधी वाणी आणि वाणीच्या आधी श्वास, असा हा क्रम आहे. म्हणून श्वसनसंस्थेची रचना व तिचे कार्य हा विषय भाषेच्या घरात परका नाही. किंबहुना ज्या इंद्रियांना वैद्य श्वसनसंस्था म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांना वैयाकरण उच्चारस्थाने म्हणतो.

श्वासाच्या मार्गाचा आरंभ नाकापासून होतो. नाक हे केवळ दोन छिद्रांचे द्वार नव्हे. आत शिरताच केसांची जाळी आहे, तिच्यामागे दोन्ही बाजूंना शंखासारखी वळलेली तीन-तीन हाडे आहेत, आणि त्यांवर ओलसर, रक्ताने समृद्ध असे अस्तर आहे. बाहेर वैशाखातले रखरखीत ऊन असो की पौषातली बोचरी थंडी असो, त्या वळणांवरून जाताना हवा शरीराच्या उष्णतेजवळ येते, ओली होते आणि तिच्यातील जाड धूळ चिकट स्रावात अडकून राहते. तोंडाने श्वास घेणाऱ्याला ही सारी सेवा मिळत नाही.

नाकाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. दोन्ही नाकपुड्यांतून सर्वकाळ सारखी हवा वाहत नाही. काही तास एका बाजूचे अस्तर फुगते व दुसरी बाजू मोकळी राहते, मग हा क्रम उलटतो. आपल्याकडील स्वरशास्त्राने या चंद्र-सूर्य नाड्यांवर पुष्कळ फलज्योतिष उभारले. त्यातील भाकिते बाजूला ठेवावीत. परंतु मूळ निरीक्षण खरे होते. युरोपात १८९५ साली कायझर या जर्मन वैद्याने तेच शास्त्रीय परिभाषेत नोंदविले.

नाकामागे घसा लागतो. हा शरीरातील मोठा चव्हाटा होय. अन्नाची वाट आणि हवेची वाट येथे एकमेकींना छेदतात. अन्न मागच्या नळीत जावे व हवा पुढच्या नळीत जावी, यासाठी स्वरयंत्राच्या तोंडाशी एक पानासारखे झाकण आहे. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते आणि ते झाकण खाली येते. जेवताना बोलू नये, ही वडीलधाऱ्यांची शिकवण शिष्टाचारापुरती नाही. बोलण्यासाठी द्वार उघडे हवे आणि गिळण्यासाठी ते बंद हवे, दोन्ही एकदम साधत नाही, आणि त्या घोटाळ्यात ठसका लागतो. लहान मुलाच्या बाबतीत तर शेंगदाणा वा हरभऱ्याचा दाणा थेट श्वासनलिकेत उतरू शकतो. असा दाणा बहुधा उजव्या बाजूस अडकतो, कारण उजवी श्वसनी डावीपेक्षा रुंद व अधिक सरळ उतरती आहे. डावीकडे हृदयाला जागा द्यावयाची असल्यामुळे डाव्या फुप्फुसाचे दोनच खंड असतात, उजव्याचे तीन.

स्वरयंत्राखाली श्वासनलिका सुरू होते. तिची लांबी साधारण दहा ते बारा सेंटिमीटर. तिच्या भिंतीत कूर्चेची सोळा ते वीस कडी आहेत, पण ती पूर्ण गोल नाहीत, मागच्या बाजूला उघडी आहेत. मागे अन्ननलिका टेकलेली असते. मोठा घास उतरताना तिला फुगावयास जागा मिळावी म्हणून ही सोय आहे. कडी पुढून कठीण असल्यामुळे नळी कधी मिटत नाही, हवेचा रस्ता सदैव खुला राहतो.

या नळीचे व तिच्या शाखांचे काम ध्यानी येण्यासाठी बीदरकरांना दूर जावयास नको. शहराजवळ नौबादेत बहमनी काळातील करेज आहे, लोक तिला सुरंग बावी म्हणतात. इराणातून आलेल्या या विद्येने जांभ्या दगडाच्या पोटात पाण्याचा बोगदा खोदला आणि अंतराअंतरावर उभी विवरे वर जमिनीपर्यंत नेली. खोदणाऱ्याला हवा व उजेड त्यांतूनच मिळे, आणि गाळ उपसावयाची वाटही तीच. पुढे देखभाल सुटली, गाळ साचला, विवरे बुजली आणि बोगदा मुका झाला. अलीकडच्या काळात गाळ काढल्यावर त्याचे रूप पुन्हा दिसू लागले. फुप्फुसातील वाटांचाही धर्म हाच आहे. खोदणे एकदाच होते, गाळ मात्र रोज काढावा लागतो.

हा रोजचा गाळ काढणारे कामकरी म्हणजे श्वसनमार्गाच्या अस्तरावरील सूक्ष्म रोम. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे रोम सेकंदाला दहा-वीस वेळा एकाच दिशेने हेलावतात आणि धुळीसह चिकट कफ इंचाइंचाने वर घशाकडे ढकलतात. माणूस झोपेत असतानाही हे काम चालूच असते. बिडी-सिगारेटचा धूर सर्वप्रथम या रोमांनाच लुळे करतो. मग साचलेला कफ उपसण्यास खोकल्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. विडी ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला म्हणजे संपावर गेलेल्या कामकऱ्यांचे काम धन्याने स्वतः करणे होय.

श्वासनलिका दोन श्वसनींत विभागते, त्या पुन्हा दोन-दोनांत, आणि अशा सुमारे तेवीस पिढ्या होईपर्यंत हा वंशविस्तार चालतो. शेवटच्या फांद्यांना द्राक्षाच्या घोसाप्रमाणे वायुकोश लगडलेले असतात. एकेक कोश साधारण मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, पण त्यांची संख्या तीस ते अठ्ठेचाळीस कोटींच्या घरात जाते. सारे उलगडून अंथरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. दोन-तीन खोल्यांच्या घराची जमीन प्रत्येकजण छातीत घडी घालून वागवीत असतो.

आता ही हवा आत ओढतो कोण? फुप्फुसांना स्वतःचे ओढणारे स्नायू नाहीत. लोहाराचा भाता फाकला की हवा आपोआप आत शिरते, तसा हा प्रकार आहे. छातीच्या तळाशी घुमटासारखे श्वासपटल आहे. ते आकसून सपाट होते, बरगड्या वर व बाहेर सरकतात, पोकळी मोठी होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा तेथे धावते. ताणलेले फुप्फुस मग आपल्याच लवचिकपणाने आकसते आणि हवा बाहेर पडते. म्हणजे शांत श्वासात आत घेण्याला श्रम पडतात, सोडणे मात्र विनासायास होते. दम्याच्या रोग्याचे दुःख यावरून कळते. त्याच्या बारीक नळ्या आवळलेल्या असतात, म्हणून जे सोडणे फुकट व्हावयाचे त्यासाठीही त्याला झगडावे लागते.

एका साध्या श्वासात प्रौढ माणूस सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. त्यातील दीडशे मिलिलिटरच्या आसपास हवा नळ्यांतच राहते व वायुकोशापर्यंत न पोहोचता परतते. जलद व उथळ श्वास घेणारा म्हणूनच दमतो, त्याचा बराचसा खटाटोप रस्त्यातच खर्ची पडतो. मिनिटाला बारा ते सोळा श्वास हे निरोगी प्रौढाचे प्रमाण. येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. हठयोगाच्या परंपरेने अहोरात्रातील श्वासांची संख्या २१,६०० मानली आणि त्या प्रत्येक श्वासावर 'सोहं' हा जप आरोपिला. हिशेब केला तर मिनिटाला बरोबर पंधरा श्वास होतात. घड्याळाचा मिनिटकाटा नसलेल्या काळातील ही मोजणी आजच्या प्रमाणात चपखल बसते.

वायुकोशात जे घडते ते श्वसनाचे खरे प्रयोजन. कोशाची भिंत आणि तिला बिलगलेल्या केशवाहिनीची भिंत मिळून जाडी एका मायक्रॉनहूनही कमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या पन्नासाव्या भागाहून कमी भरते. या पडद्यातून प्राणवायू रक्तात उतरतो, रक्तातील हिमोग्लोबिन त्याला उचलते आणि कार्बन डायऑक्साइड उलट दिशेने कोशात येतो. शांत स्थितीत रक्ताला तेथे थांबावयास पाऊण सेकंदच मिळतो, पण तेवढा पुरतो. आत जाणाऱ्या हवेत प्राणवायू शेकडा एकवीस असतो, बाहेर पडणाऱ्या हवेत सोळा-सतरा. कार्बन डायऑक्साइड मात्र नगण्य असतो तो चारापर्यंत वाढतो. श्वास रोखून धरल्यावर जी तगमग होते, ती प्रामुख्याने प्राणवायू संपल्याची नसून हा कार्बन डायऑक्साइड साचल्याची असते. मेंदूच्या बुडाशी असलेले केंद्र त्याचीच नोंद घेऊन श्वासाचा हुकूम सोडते.

यामुळे प्राणायामाविषयीचा एक गैरसमजही दूर होतो. दीर्घ श्वासाने रक्तात पुष्कळ जादा प्राणवायू भरता येतो असे अनेकजण मानतात. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच शेकडा पंचाण्णवहून अधिक भरलेले असते, भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? मग प्राणायामाचे मोल कशात? हा प्रश्न श्रद्धेवर न सोडता प्रयोगशाळेत नेण्याचे धैर्य एका मराठी साधकाने दाखविले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करून क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने योगक्रियांची परीक्षा आरंभिली. प्राणायामाचे फळ श्वासाच्या लयीत, स्नायूंच्या वळणात आणि मज्जासंस्थेच्या शांततेत शोधावे, ही दृष्टी अशा परीक्षेतूनच बळावली.

श्रोतेहो, शरीराच्या दृष्टीने श्वासाचे काम येथे संपते. प्राणवायू देऊन झाला, उरलेली हवा टाकाऊ झाली. पण माणसाची थोरवी अशी की त्याने याच टाकाऊ हवेतून भाषा घडविली. बाहेर निघालेला उच्छ्वास स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंच्या फटीतून जातो. ते जवळ येऊन कंप पावू लागले की नाद उमटतो, पुरुषाच्या आवाजात सेकंदाला शंभर ते दीडशे कंप, स्त्रीच्या आवाजात दोनशेच्या आसपास. तो नाद कंठ, तालू, मूर्धा, दंत आणि ओष्ठ या स्थानी अडवून, घासून, सोडून वर्ण तयार होतात. आपली वर्णमाला याच मार्गाने, कंठापासून ओठांपर्यंत, क-वर्गापासून प-वर्गापर्यंत मांडलेली आहे. ती पाठ करणारे पोर नकळत श्वासमार्गाच्या वरच्या टप्प्याचा नकाशाच पाठ करीत असते.

आपल्या वैयाकरणांनी व्यंजनांचे अल्पप्राण आणि महाप्राण असे भाग केले, यात 'प्राण' म्हणजे श्वासच. तोंडासमोर तळहात धरून 'ताट' म्हणावे आणि मग 'थाट' म्हणावे. दुसऱ्या वेळी हातावर हवेचा झोत लागतो. अनुनासिकांच्या वेळी मऊ टाळू खाली येते व वारा नाकावाटे निघतो. पडसे झालेल्याचे नाक बंद असते म्हणून त्याचा 'मामा' 'बाबा'सारखा ऐकू येतो. या मुलुखात तर एकाच चौकात अनेक भाषा एकच हवा वाटून घेतात. जुन्या कन्नडातील 'पालु' म्हणजे दूध पुढे 'हालु' झाले, ओठांची मिठी सुटली आणि नुसता श्वास उरला. दखनी बोलणाऱ्याच्या तोंडी 'क़लम'चे 'ख़लम' होते, अडविलेला वारा घासत निघतो. तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू यांच्या लिपी व व्याकरणे निरनिराळी असतील, पण उच्छ्वासाचे भांडवल सर्वांचे एकच.

बोलताना श्वासाची वाटणीही बदलते. शांत बसलेल्या माणसाचा उच्छ्वास श्वासापेक्षा थोडाच लांब असतो, बोलणारा मात्र चटकन श्वास घेऊन उरलेला बहुतेक वेळ तो हळूहळू खर्च करतो. हा हिशेब जात्यावर बसणाऱ्या बायकांनी शास्त्र न शिकता साधला. जात्याचा फेरा, हाताचा जोर आणि ओवीचे चरण यांची सांगड श्वासावर बसलेली असते. ओवीचा आखूड चौथा चरण म्हणजे जणू पुढचा दम घेण्याची जागा. कन्नड घरांतील बीसुकल्लिन पदांचेही असेच. ज्वारी दळता दळता दोन्ही भाषांतील ही संपदा श्वासागणिक वाढली.

परंतु त्याच बायका दळण आटोपल्यावर चुलीपुढे बसत, आणि येथे विषयाला दुसरी बाजू फुटते. बीदर-कलबुर्गी हा तुरीचा मुलूख. दाणे बाजारात जातात आणि तुराट्या सरपण म्हणून घरात राहतात, जोडीला गोवऱ्या. धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात त्यांचा धूर तासन्‌तास कोंडतो. धुरातील जाड काजळी नाकात अडते, परंतु अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशापर्यंत उतरतात. जन्मात कधी विडीला हात न लावलेल्या स्त्रीला म्हातारपणी धाप का लागते, याचे उत्तर पुष्कळदा चुलीत सापडते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या दीर्घकालीन श्वसनरोगावर लिहिले, तेव्हा घरातील या धुराकडे जगाचे लक्ष वेधले गेले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस अनेक घरी पोहोचला, पण टाकी भरून आणण्याच्या खर्चामुळे चूल सर्वत्र विझली असे म्हणता येत नाही.

जी गोष्ट चुलीची तीच कारखानदारीची व कारागिरीची. शहाबादची फरशी, वाडी-सेडमचे सिमेंट, दालमिलमधील टरफलांची भुकटी, यांवर हजारो घरे जगतात. बीदरचे नाव जगभर नेणारी बिदरी कला साधारणतः सोळा भाग जस्त व एक भाग तांबे यांच्या रसातून जन्म घेते. जस्त फार तापले तर त्याचा पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेल्यास काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. ओतकाम झाल्यावर कानसकामाची बारीक धूळ असतेच. दगडाच्या धुळीत सिलिका असेल तर धोका अधिक. वायुकोशातील भक्षक पेशी तिला गिळतात आणि तिच्यामुळेच मरतात, त्या जागी व्रण धरतो, मऊ फुप्फुस चामट होते. हा व्रण पुन्हा भरून येत नाही. तुटलेले नक्षीकाम कारागीर पुन्हा घडवू शकेल, परंतु नष्ट झालेला वायुकोश परत मिळवून देणारे औषध अद्याप नाही.

२०२० साली तर या प्रदेशाला श्वासाची किंमत फार लवकर कळली. कोविडने झालेला भारतातील पहिला मृत्यू त्या वर्षीच्या मार्चमध्ये कलबुर्गी येथील एका वृद्ध गृहस्थाचा नोंदला गेला. त्या साथीत वायुकोश पाण्याने भरत, पडद्यातून प्राणवायू उतरेनासा होई, आणि घराघरांत माणसे बोटाला यंत्र लावून शेकड्याचे आकडे वाचू लागली. त्या दिवसांत रुग्णाकडून आलेल्या दूरध्वनीवर नातेवाईक शब्दांपेक्षा शब्दांमधील थांबे ऐकत. वैद्यकातही ही खूण मान्य आहे. दम्याचा झटका किती तीव्र आहे हे जोखताना डॉक्टर पाहतात की रोग्याला एका श्वासात वाक्य पुरे करता येते काय. वाक्य तुटून शब्द उरले तर प्रकृती गंभीर समजावी. म्हणजे प्राण जाण्याच्या आधी वाक्य जाते. भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

सीमाभागात भाषेच्या रक्षणाची चर्चा पुष्कळ होते. शाळा, पाट्या, पुस्तके हे विषय तिच्यात येतात, आणि ते यावेत. परंतु ज्या आजीच्या ओठी शेकडो ओव्या आहेत तिला चार पावले चालताच धाप लागत असेल, तर पाचवी ओवी कोण ऐकणार? ज्या पाथरवटाच्या, ज्या ठठेऱ्याच्या बोलीत शतकांचे शब्द आहेत, तो पन्नाशीतच खाटेला खिळला तर ते शब्द कोशात नोंदण्यापूर्वीच मावळतात. बोलणाऱ्याचा श्वास राखणे ही भाषेची पहिली सेवा होय, मग ती भाषा मराठी असो, कन्नड असो की दखनी.

यासाठी मोठे भांडवल लागत नाही. चुलीवर धुराडे असावे आणि शक्य तेथे गॅस. दगड पाणी मारून ओला कापावा, म्हणजे धूळ उडत नाही. ओतकामाची खोली वाऱ्याची असावी, आणि नाकातोंडावर बारीक धूळ अडविणारी मुखपट्टी असावी, नुसता रुमाल पुरत नाही. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर क्षयाची शंका धरून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी, ती तपासणी विनामूल्य असते. विडी सुटली की फुप्फुसाची झीज मंदावते, मग ती कोणत्याही वयात सुटो. आणि ग्रंथालयांनी एवढे करावे की जुन्या ग्रंथांवरील धूळ जशी दरसाल झाडली जाते, तशीच एक संध्याकाळ दरसाल परिसरातील वृद्ध स्त्री-पुरुषांना बोलावून त्यांच्या ओव्या, पदे आणि धंद्यातील शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. लिहिलेला शब्द शंभर वर्षे वाट पाहू शकतो. श्वासावर असलेल्या शब्दाला तेवढी सवड नसते.